मुखवटा खोलगट दिसला म्हणून कुणी आजारी ठरत नाही

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

गेल्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्रफीत आली. एक मुखवटा गोल फिरतो, आधी त्याची दर्शनी बाजू दिसते, मग आतली. खाली मराठीत मजकूर होता : ‘आतली बाजू खोलगट दिसली तर सावध व्हा, तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे.’ तासभर ग्रुपवर ‘मला चेहरा बाहेर आलेला दिसला’, ‘मलाही’, ‘आम्ही पास’ असं चाललं होतं. मग कुणीतरी खाली जाऊन रात्रपाळीच्या वॉचमनना ती दाखवली. त्यांना आतली बाजू आत गेलेलीच दिसली. तेही लगेच ग्रुपवर आलं आणि सोबत सूचना, ‘यांच्यावर जरा लक्ष ठेवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले, तर ते खुर्चीवरून उठून जवळ आले आणि दबल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही शाळेत शिकवायच्या. मला खरंच काही झालंय का?” दिंडोरीकडचा पन्नाशीचा माणूस. साथीदार गावी गेल्यामुळे चार दिवस लागोपाठ दोन-दोन पाळ्या करत होता. डोळे लाल झालेले.

हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्या धाकट्या भावासाठी. भावाला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार खरोखर आहे. वयाच्या २२ व्या वर्षी सुरू झाला, आज तो ५७ वर्षांचा आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघं पंचवटीत एकत्र राहतो.

आमचं घर तांबटांचं. भांडी बाजारामागे वडिलांचं छोटं दुकान होतं. एरवी हंडे-घागरी, पण आषाढ लागला की महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची कामं यायची. पितळेचा पत्रा राळेवर बसवून मागून ठोकत ठोकत गाल, नाक, हनुवटी पुढे काढायची. म्हणजे आम्ही पोरांनी देवीचा चेहरा आधी आतल्या बाजूने पाहिला, दर्शनी बाजूने नंतर. आणि तो आतून पाहिलेला चेहराही आम्हाला पुढे आलेलाच दिसायचा. वडील त्या खळग्यात बोट घालून दाखवायचे, “हे बघ, नाक इथं आत आहे.” बोट आत जाताना दिसायचं, तरी डोळ्यांना पटायचं नाही. मी डोकं हलवलं की ती देवीही मान वळवून माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं. लहानपणी मला त्याची भीती वाटत असे.

पुढे ३१ वर्षं चित्रकला शिकवताना याचं कारण समजून घेतलं. जन्मल्यापासून आपण पाहिलेला प्रत्येक चेहरा पुढे आलेला असतो. नाक आत गेलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. डोळ्यांकडून मेंदूला मिळतात ती फक्त उजेड-सावलीची चिन्हं, आणि त्यांवरून समोर काय असेल याचा अंदाज मेंदू बांधतो. चेहऱ्याच्या बाबतीत हा अंदाज इतका पक्का बसलेला असतो की समोर खळगा आहे हे माहीत असूनही तो हटत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी हा दृष्टिभ्रम जगभर पोचवला. चार्ली चॅप्लिनचा मुखवटा फिरवून ते तो दाखवत.

कीर्तनात रज्जुसर्पाचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. अंधारात दोरी साप वाटते. दोरी असते, म्हणून साप वाटतो. हा दृष्टिभ्रम, आणि तो प्रत्येक माणसाला होतो. दोरीच नसताना साप दिसणं किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. माझ्या भावाला ऐकू येतात ते भास. या दोन गोष्टींची गल्लत करूनच ती चित्रफीत बनवलेली आहे. ‘आजारी माणसाला नसलेलं दिसतं’ एवढंच लोकांना ठाऊक असतं. मग निरोगी माणसं जिथे फसतात तिथे या आजाराची माणसं बऱ्याचदा फसत नाहीत, हे कळल्यावर लोक चक्रावतात. ते मात्र खरं आहे.

एका भाद्रपदातली गोष्ट सांगते. मी चिंचेने मुखवटे घासून, धुऊन, ओसरीतल्या खुंटीला लावले होते. एक उलटा लागला होता, आतली बाजू बाहेर. बहिणीची पोरं त्याच्यासमोर इकडून तिकडे पळत ओरडत होती, “महालक्ष्मी आपल्याकडे बघते, मान वळवते!” भाऊ पायरीवर बसला होता. तेव्हा त्याची तब्येत फार बिघडलेली होती, गोळ्या घेत नव्हता. तो शांतपणे म्हणाला, “कुठे बघते? ती पाठमोरी आहे. खळगा आहे तो.” पोरं हसली. आईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ‘त्याला भलतंच दिसतं’ म्हणत आलो, आणि त्या ओसरीवर जे होतं ते जसंच्या तसं एकट्या त्यालाच दिसत होतं.

हे का होतं, यावर २००९ साली जर्मनीत हॅनोव्हर इथे झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. १३ रुग्ण आणि १६ निरोगी माणसांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना उठावदार आणि खोलगट चेहरे दाखवले. निरोगी माणसं खोलगट चेहऱ्याला फसली, रुग्ण सहसा फसले नाहीत. निरोगी मेंदूत खोलगट चेहरा समोर येताच, अंदाज बांधणाऱ्या वरच्या भागांकडून दृष्टीच्या मागच्या भागाकडे जाणारा निरोप जोर धरत होता, जणू वरून दटावणी येत होती, ‘चेहरा आहे, पुढे आलेलाच असणार’. रुग्णांमध्ये तो निरोप तसा जोर धरत नव्हता, म्हणून डोळ्यांनी आणलेली खबर तशीच राहत होती. त्याआधी २००५ साली लंडनमध्ये दुसऱ्या एका दृष्टिभ्रमावर काम झालं होतं. फिकट नक्षीभोवती ठळक नक्षी काढली की मधली आणखीच फिकट वाटते. राखाडी चौकोन काळ्यावर ठेवून आणि पांढऱ्यावर ठेवून मी सातवीच्या मुलांना जे दाखवत असे, त्याच जातीची ही गोष्ट. तिथेही रुग्णांचा अंदाज निरोगी लोकांपेक्षा अचूक निघाला.

आता ग्रुपवरच्या मंडळींनी पुढचं नीट वाचावं. हे निकाल गटांचे आहेत. गटाच्या सरासरीवरून समोरच्या एका माणसाचं निदान होत नाही. सगळे दृष्टिभ्रम या आजारात कमी होतात असंही नाही, काहींच्या बाबतीत निकाल उलटसुलट आलेले आहेत. शिवाय खोलगट चेहऱ्याला न फसणं दारू सोडतानाच्या दिवसांत दिसलं आहे, गांजाच्या अमलाखाली दिसलं आहे, आणि दीर्घ जागरणानंतर निरोगी माणसांतही दिसलं आहे. चार दिवस दोन-दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला पहाटे मोबाइल दाखवून परीक्षा घेतली, तर त्यातून त्याला झोप हवी आहे एवढं कळू शकतं. हेच मी त्यांना त्या सकाळी सांगितलं. निदान मनोविकारतज्ज्ञ करतात, आणि तेही माणसाशी बोलून, घरच्यांना विचारून, काही महिन्यांचा काळ पाहून. भावाच्या बाबतीत आधीच्या दोन वर्षांत आम्ही काय काय करून बसलो ते इथे लिहीत नाही.

आणखी एक. खोलगट चेहऱ्याला फसणं-न फसणं आजाराच्या चढउताराबरोबर बदलतं, असंही संशोधकांना आढळलं आहे. आमच्या घरी मी ते पाहिलं. गेली काही वर्षं भाऊ औषधं नीट घेतो. गेल्या गौरींना मी मुखवटा उलटा धरून त्याला विचारलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “कधी खळगा, कधी बाई.” एका घरातली ही गोष्ट, पुरावा म्हणून सांगत नाही.

मुखवट्यापेक्षा मला जास्त बोलायचं आहे ते जिवंत चेहऱ्यांबद्दल, कारण रोजचा त्रास तिथे आहे.

सुईत दोरा ओवताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात. भाऊ समोर असला तर हातातलं काम टाकून विचारतो, “ताई, रागावलीस का?” दिवसातून दहा वेळा विचारतो. पूर्वी मी वैतागून “नाही रे बाबा!” म्हणायचे, आणि त्या स्वरावरून त्याची खात्रीच पटायची की मी रागावले आहे. पुढे वाचलं की स्किझोफ्रेनियात चेहऱ्यावरचे भाव ओळखणं अवघड जातं, त्यातही भीती आणि राग यांसारखे भाव, आणि कोऱ्या चेहऱ्यावरही राग किंवा धमकी वाचली जाते. चेहरा दिसल्यावर सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात मेंदूत एक विद्युत लहर उमटते, ती या रुग्णांमध्ये क्षीण असते. म्हणजे समोरचा माणूस काय म्हणतो हे ऐकण्याआधीच त्याच्या चेहऱ्याची नोंद अर्धवट झालेली असते. तरुणपणी भाऊ सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये चढायचा आणि कंडक्टरने नुसतं पाहिलं तरी उतरून घरी चालत यायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. त्याची आजही मला लाज वाटते.

आरशाचंही तसंच. एका पावसाळ्यात त्याने घरातले सगळे आरसे पंचांनी झाकले. म्हणाला, “त्यात दुसरा कुणीतरी येतो.” वडिलांनी पंचे ओढून काढले, मोठं भांडण झालं. इटलीतले संशोधक जोव्हानी कापुतो यांनी २०१० साली ५० निरोगी माणसांना मंद उजेडात १० मिनिटं आरशात स्वतःकडे बघायला सांगितलं. त्यांतल्या ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर वेडावाकडा होताना दिसला. काहींना आई-वडील दिसले, काहींना अनोळखी माणूस, काहींना प्राणी. पुढे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला तेव्हा त्यांचा अनुभव जास्त तीव्र निघाला आणि त्यांना तो जास्त खरा वाटला. आमच्या जुन्या घरातल्या मधल्या खोलीत दिवसाही मिणमिणता पिवळा दिवा असायचा. तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं असतं की दिवा बदला, आरसा उजेडात लावा, तर ते भांडण टळलं असतं. (कुणी मजेखातर हा प्रयोग घरी करू नये, विशेषतः घरात असा आजार असेल तर.)

सगळ्यांत कठीण आईच्या वाट्याला आलं. १९९६ च्या सुमारास काही महिने तो आईच्या हातचं जेवेना. म्हणायचा, “तू आईसारखी दिसतेस. आई नाहीस.” नाक-डोळे, कपाळावरचा देवीचा व्रण, सगळं जुळतं हे तो कबूल करायचा, पण ही ती नव्हेच. आई मोरीत जाऊन रडायची. याला कॅपग्रास भ्रम म्हणतात. फ्रान्समध्ये जोसेफ कॅपग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२३ साली अशा एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली होती. चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ते हलत नाही, आणि मग मन त्याचा अर्थ लावतं की ही कुणी तोतया असणार, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आईला एक साधी गोष्ट सुचवली. समोर जाण्याआधी दाराबाहेरूनच हाक मारत जा. चेहऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण आवाज त्याला आईचाच वाटायचा. ती हाक मारत मारत यायची आणि ताट ठेवायची. आठवडाभराने तो जेवू लागला. प्रत्येकाच्या बाबतीत असं होईल असं मी म्हणत नाही, आमच्याकडे झालं.

आई २०१४ साली गेली. तो रडला नाही. चेहरा दगडासारखा. दहाव्याला गंगाघाटावर एक नातेवाईक माझ्या देखत म्हणाले, “याला काय, कळतच नाही.” त्यांना हे ठाऊक नव्हतं की तेरा दिवस रोज पहाटे तो आईचा कप धुऊन ओट्यावर उपडा ठेवत होता आणि मी तो उचलला की पुन्हा तिथेच आणून ठेवत होता. अमेरिकेत नव्वदच्या दशकात झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की चित्रपटातले प्रसंग पाहताना या रुग्णांच्या चेहऱ्यावर निरोगी माणसांपेक्षा कितीतरी कमी भाव उमटतात, पण आत काय वाटलं ते विचारलं तर त्यांनाही तेवढंच वाटलेलं असतं. त्यात काही औषधांनी चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. म्हणजे त्याला आमचे चेहरे वाचता येत नाहीत आणि आम्हाला त्याचा. एवढा मोठा दोष दोन्हीकडे असताना वेडा मात्र तो एकटा ठरतो.

गल्लीतली मुलं त्याला ‘दुतोंड्या’ म्हणायची, आपल्या गोदाघाटावरच्या दोन तोंडांच्या मारुतीवरून. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, हा समज तेव्हाही होता, आजही आहे. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द वापरात आणला तो ‘दुभंगलेलं मन’ अशा अर्थाने. विचार, भावना आणि जाणीव यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, हे त्यांना सांगायचं होतं. दोन तोंडं, दोन माणसं यांच्याशी त्याचा संबंध नाही. भावाला मात्र तो मारुती फार आवडतो. पुराच्या दिवसांत पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हे पाहायला आम्ही दोघं छत्री घेऊन पुलावर जाऊन उभे राहतो. तिथे गर्दी असते, पण सगळे नदीकडे बघत असतात, कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. तिथे तो मोकळा असतो.

गर्दीवरून आठवलं. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. लाखो अनोळखी चेहरे या घाटांवर येतील आणि त्यांत हा आजार असलेली माणसंही असतील, काही घरच्यांबरोबर आलेली, काही चुकलेली. स्वयंसेवक आणि पोलीस यांच्या प्रशिक्षणात एक तास याच्यासाठी ठेवावा, अशी माझी आपल्यामार्फत प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. शिकवायचं फार थोडं आहे. असा माणूस नजर चुकवतो, हसण्याला हसून उत्तर देत नाही, दटावणीचा चेहरा केला की बिथरतो. त्याला घेरू नये. थोडं अंतर राखून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहून आधी स्वतःचं नाव सांगावं, मग आपण कशासाठी आलो ते सांगावं. “मी रागावलेलो नाही, तुम्हाला बसायला जागा दाखवायला आलो आहे,” हे वाक्य तोंडाने उच्चारावं. ते चेहऱ्यावरून आपोआप कळेल असं धरून चालू नये. सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, दिवसरात्र आहे. तो आकडा घाटावरच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत असावा.

आमच्या घरी हा नियम आता अंगवळणी पडला आहे. सुई ओवायला बसताना मी आधी सांगते, “डोळ्यांना दिसत नाही म्हणून आठ्या पडल्यात, तुझ्यावर रागावले नाही.” तो “बरं” म्हणतो आणि बऱ्याचदा सुई माझ्या हातातून घेऊन स्वतःच दोरा ओवून देतो. त्याची नजर या वयातही चांगली आहे.

ती चित्रफीत आमच्या ग्रुपवर अजून आहे. पाठवणाऱ्यांना मी एकदा लेखी आणि एकदा समक्ष सांगितलं, “गंमत होती” असं उत्तर मिळालं. वॉचमनना मधल्या काळात दोन दिवस सुट्टी मिळाली, भरपूर झोपले. परत आल्यावर त्यांनी आपणहून ती चित्रफीत पुन्हा पाहिली आणि या वेळी आपल्याला काय दिसलं ते मला सांगायला लागले. मी त्यांना मध्येच थांबवलं. मला ते ऐकायचं नव्हतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगायची गरज नाही. हे पत्र छापून आलं तर कात्रण गेटवरच्या फलकावर लावायचा विचार आहे, अर्थात त्यांना विचारून.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
पंचवटी, नाशिक

(भावाच्या खासगीपणासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. हे पत्र पाठवण्याआधी मी त्याला वाचून दाखवलं आहे. आरशाचा प्रसंग राहू दे, असं तोच म्हणाला.)